मिठीत न लागणारं पिस्तूल

वेंडेल ग्रिग्झबीचं पिस्तूल शेवटी चर्चच्या बाथरूममध्ये सापडलं. टॉयलेट पेपरात नीट गुंडाळलेलं होतं आणि वर फुलपाखराची गुलाबी क्लिप लावलेली होती.

त्यानंतर डकेट क्रीक बॅप्टिस्ट चर्चच्या डीकन मंडळींनी, म्हणजे कारभाऱ्यांनी, बैठक घेऊन एकमताने ठरवलं, की असं काही सापडलेलंच नाही. पिस्तूल नव्हतं, कागद नव्हता, क्लिप नव्हती. बाथरूम होतं, एवढं त्यांनी मान्य केलं, कारण ते त्यांच्याच वर्गणीतून बांधलेलं होतं. डीकन मंडळींचा शब्द आपण कशाला मोडावा. तेव्हा पुढे जे सांगितलंय ते घडलेलं नाही, हे ध्यानात ठेवून वाचावं.

या न घडलेल्या गोष्टीची सुरुवात तळलेल्या माशापासून होते. चर्चच्या मागच्या हिरवळीवर कॅटफिश तळायचा कार्यक्रम होता. वेंडेल ताट घेऊन सावलीत उभा होता, तेवढ्यात पास्टर ब्रदर ओडेल यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. चर्चचं एक सुरक्षा पथक होतं. रविवारी प्रवचन चालू असताना पथकातली माणसं एकेका दाराशी कोटाची बटणं उघडी टाकून उभी राहत आणि आपण कार्यक्रमपत्रिका वाचतोय असं भासवत. त्यातल्या एकाचा खुबा नुकताच बदलला होता. नवा खुबा नेमका पिस्तुलाच्या बाजूचा होता, त्यामुळे एक दार मोकळं पडलं होतं.

"ब्रदर वेंडेल, कळपाला राखणदार कमी पडतोय."

वेंडेलच्या तोंडात मासा होता. तोंडात मासा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. वेंडेलला तोंड रिकामं असतानाही येत नसे. गावात त्याचं गाद्यांचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाईक म्हणालं, ही गादी मऊ आहे, की हा म्हणे हो. त्याच गिऱ्हाईकाची बायको म्हणाली, कडक आहे, की हा म्हणे तेही खरंच. त्याने मान हलवली. ब्रदर ओडेलनी खांदा थोपटला आणि ते दुसऱ्या मेंढराकडे वळले.

तेव्हापासून वेंडेलला दारं दिसायला लागली. इतकी वर्षं तो त्या चर्चमध्ये बसत होता, पण त्याला दिसायची ती खिडक्यांची रंगीत काच आणि समोरच्या बाईची टोपी. आता बघावं तिकडे दारं. त्यातलं पूर्वेचं दार तिसऱ्या बाकाला लागून होतं. आणि तिसऱ्या बाकावर बर्डी बसायची.

बर्डी म्हणजे त्याची नात, वय वर्षं चार. वेंडेलची मुलगी लियाना लिटल रॉकहून तिला घेऊन नुकतीच गावी परत आली होती आणि शेजारच्या काउंटीतल्या हॉस्पिटलात, इमर्जन्सी विभागात नर्स म्हणून लागली होती. बायको गेल्यापासून वेंडेलच्या घरात फ्रिज सोडला तर कुणी बोलत नसे. लियाना म्हणाली, रविवारी चर्च सुटलं की बर्डी दिवेलागणीपर्यंत तुमच्याकडे. वेंडेलने त्याच दिवशी अंगणात झोका टांगला. मग लियानाने अट सांगितली.

"बाबा, तुमच्या घरात किंवा अंगावर बंदूक असेल तर बर्डी येणार नाही. आईची शॉटगन मामाला देऊन टाका."

"दिली असं समज."

"कामावर मी काय बघते ते मी तुम्हाला सांगत नाही. फक्त अट सांगते."

"हो."

"आणि मिठी मारली की मला कळतं. हे लक्षात असू द्या."

ही पोकळ धमकी नव्हती. बोलू न शकणाऱ्या माणसाला कुठे दुखतंय ते चाचपून शोधायची सवय लियानाच्या हातांना होती, आणि मिठी मारतानाही ते हात सुट्टीवर जात नसत. बरगड्या, कंबर, पाठ, मग वर खांदे. एकदा वेंडेलने तिच्यापासून कंबरदुखीचा पट्टा लपवला होता, तर तिने मिठीतच विचारलं, "कितव्या मणक्यात?"

अशा रीतीने वेंडेल दोन्हीकडे हो म्हणून बसला. पास्टरांना नाही म्हणावं, तर तिसऱ्या बाकाजवळचं दार उघडं. लियानाला सांगावं, तर झोका रिकामा. रात्रभर कूस बदलून त्याने तोडगा काढला, की मिठीत न लागणारं पिस्तूल घ्यायचं.

बर्ल स्टॅम्परच्या दुकानात अर्ध्या भागात गळ आणि गांडुळं, अर्ध्या भागात बंदुका. बर्ल वेंडेलचा शाळेपासूनचा दोस्त आणि सुरक्षा पथकाचा म्होरक्या.

"काय दाखवू?"

"न दिसणारं."

"सगळ्यांना न दिसणारंच पाहिजे असतं. कुणाला न दिसणारं?"

"लियानाला."

बर्लने काचेवर ठेवलेला हात मागे घेतला. त्याच्या कानात रुतलेला गळ मागे लियानानेच काढला होता, आणि काढताना त्याने त्या दिवशी किती बिअर प्यायलीय तेही तिने ओळखलं होतं. "लेका, चोराला न दिसणारं माझ्याकडे पुष्कळ आहे," तो म्हणाला. "पोरीला न दिसणारं अवघड आहे."

तरी त्याने कपाट उघडलं. त्याचं शास्त्र साधं होतं. छोटं पिस्तूल बाळगायला सोपं, पण हातात मासळीसारखं उसळतं. मोठं पिस्तूल हातात गुणी, पण शर्टाखाली वीट ठेवल्यासारखं दिसतं. मधलं दोन्ही बाजूंनी थोडं थोडं छळतं, म्हणून सगळे मधलं घेतात.

दुकानामागे मातीचा बांध होता. तिथे त्यांनी सगळ्यात छोटं झाडून पाहिलं. त्याने वेंडेलच्या अंगठ्याच्या बेचक्यात चावा घेतला. कागदावरच्या माणसाला काही झालं नाही. शेजारचा खांब मात्र जायबंदी झाला.

"आत्तापर्यंत खांबाने कुणावर हल्ला केलेला नाही," बर्ल म्हणाला. "दुसरं बघू."

दुसरं पत्त्यांच्या जोडाइतकं चपटं होतं. वेंडेलने ते मुठीत धरलं आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिला.

"करंगळीला जागाच नाही."

"करंगळीने गोळी मारणारेस?"

"नाही, पण ती मोकळी लोंबकळतेय. बरं दिसत नाही."

"इथे चहापान नाही चाललेलं, वेंडेल."

मग कुठे लावायचं हा प्रश्न आला. घोट्याला लावलं तर हल्ला झाल्यावर आधी बसायला खुर्ची मागावी लागेल. पोटाशी लावलं तर नळी कुठे बघते, असं वेंडेलने विचारलं.

"खाली."

"खाली तर..."

"तुला नात आहे, वेंडेल. तिथलं काम उरकलंय."

शेवटी उजव्या खुब्याच्या जरा मागे, पँटच्या आत, पट्ट्याला अडकवायच्या होल्स्टरमध्ये असं ठरलं. राहिली परीक्षा. बर्ल काउंटरला वळसा घालून पुढे आला आणि त्याने हात पसरले.

"ये. मी लियाना."

"लियानाच्या अंगाला गांडुळांचा वास येत नाही."

"डोळे मीट."

मिठी झाली. "लागलं," बर्ल म्हणाला. दुसरं पिस्तूल, दुसरी मिठी. "लागलं. बाबा, हे काय?" तिसरी मिठी बरीच लांबली, कारण बर्ल आता मन लावून चाचपत होता. गांडुळांचा डबा घेऊन पैसे द्यायला थांबलेल्या एका माणसाने डबा हळूच काउंटरवर ठेवला आणि तो मासेमारीचा बेत सोडून निघून गेला. मग एक बसकं, गोल कडांचं पिस्तूल आलं. बर्लने मिठी मारली, वरून खाली आला, खालून वर गेला आणि थांबला.

"लावलंयस का?"

"लावलंय."

"कुठे?"

वेंडेलने स्वतः हात घालून पाहिलं. होतं.

"हेच घे," बर्ल म्हणाला. "पँट एक माप मोठी घे आणि शर्ट चौकड्यांचा. चौकड्यांत उंचवटा हरवतो."

बर्लकडे येणारी सगळी गिऱ्हाइकं चौकड्यांत का असतात, हे वेंडेलला त्या दिवशी कळलं.

पथकाचा एक रिवाज होता. नवीन माणसाने पिस्तूल आधी रिकामं बाळगायचं, घरात, दुकानात, बाजारात, जोवर अंगाला त्याचा विसर पडत नाही तोवर. नवा दात बसवला की पहिले काही दिवस जीभ सारखी तिथेच जाते, मग एक दिवस जायची थांबते, तसं. सुरुवातीला वेंडेलला वाटे की सारं गाव आपल्या खुब्याकडे बघतंय. खाली वाकलं की शर्ट ताणून आकार उमटेल, म्हणून तो गुडघ्यात वाकायला शिकला. वाण्याकडे खालच्या फळीवरचा घेवड्याचा डबा घेताना त्याने अशी काही बैठक मारली, की शेजारच्या बाईला तो मुजरा वाटला आणि तिने मान लववून उत्तर दिलं. दुकानात एका जोडप्याला गादी दाखवायला तो सवयीने स्वतः आडवा झाला, तेव्हा आतून खट्‌ आवाज आला.

"स्प्रिंग तुटलीय वाटतं," नवरा म्हणाला.

"नाही, तो माझा आवाज आहे."

जोडपं दुसऱ्या दुकानात गेलं.

पण हळूहळू जमत गेलं. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर वेंडेलला पिस्तूल सापडेना. त्याने घर उलथं केलं, फ्रिजसुद्धा पाहिला, घामाघूम होऊन खुर्चीत टेकला, तेव्हा ते पाठीला लागलं. अंगावरच होतं. त्याने बर्लला फोन केला.

"विसरलो रे."

"अभिनंदन. आता भर."

रविवारी सकाळी त्याने ते भरलं. भरताना एक गोळी सिंकमध्ये पडली आणि तो सिंकपासून चार हात लांब पळाला. चौकड्यांचा शर्ट, वर कोट. चर्चच्या आवारात लियाना उभी होती आणि बर्डी तिच्या झग्याला धरून गोल गोल फिरत होती. लियानाने हात पसरले.

बरगड्या. कंबर. तिचा हात खुब्याजवळून गेला आणि जरा रेंगाळला, की वेंडेललाच तसं वाटलं. पाठ. खांदे.

"बाबा, श्वास का रोखलाय?"

"तुझं सेंट जरा उग्र आहे."

"मी सेंट लावत नाही."

"मग दुसऱ्या कुणाचं असेल."

तिने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. "बारीक झालात. पँट केवढी सैल झालीय. जेवताय ना?"

"हो."

बर्डीने त्याचं बोट धरलं. "पॅपॉ, आज झोका?" तिचा पॅपॉ, म्हणजे आजोबा, हो म्हणाला. प्रार्थनेआधी त्याला बाथरूम गाठावंच लागलं.

आता एक गोष्ट बर्लच्या दुकानात कुणी सांगत नाही. ज्याचं होल्स्टर पँटच्या पट्ट्याला अडकवलेलं आहे, त्याने पँट खाली केली की पिस्तूल फरशीवर आपटतं. म्हणून बसण्याआधी ते काढायचं आणि हाताशी जी सपाट जागा असेल तिथे ठेवायचं. चर्चच्या त्या लहानशा बाथरूममध्ये सपाट जागा एकच होती, टॉयलेट पेपरच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण. वेंडेलने तिथे ठेवलं. बर्लही तिथेच ठेवी. तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"पॅपॉ, मला घाई आहे."

"आलोच."

"खूप घाई आहे. मी आता नाचतेय."

वेंडेलने भराभर आवरलं, हात धुतले, दार उघडलं. बर्डी त्याच्या काखेखालून आत घुसली आणि मागे कडी सरकल्याचा आवाज आला. कडी लावायला ती नुकतीच शिकली होती, त्यामुळे सध्या ती दिसेल त्या दाराला कडी लावत होती.

वेंडेल पूर्वेच्या दाराशी जाऊन उभा राहिला. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. त्याला एकदम बरं वाटत होतं. कुठे टोचत नव्हतं, कुठे काचत नव्हतं. मासा खाल्ल्या दिवसापासून इतकं हलकं त्याला वाटलं नव्हतं. बर्ल म्हणाला ते खोटं नव्हतं, पिस्तूल अंगावर आहे असं जाणवतच नव्हतं. समोरच्या दाराशी बर्ल उभा होता. वेंडेलने त्याला अंगठा उंचावून दाखवला. बर्लनेही दाखवला. मग वेंडेलने सहज, खात्रीसाठी, शर्टावरून खुब्याला हात लावला.

तो बाहेर धावला. धावतानाही सवयीने गुडघ्यात वाकलेला होता. बाथरूमच्या दाराशी पोचला तेव्हा आतून गुणगुणणं ऐकू येत होतं.

"बर्डी."

"अजून बसलेय मी."

"बस, बस. हात कुठे आहेत?"

"माझे?"

"हो, राणी."

"इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"माझ्यापाशी."

डब्याला हात लावू नकोस, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानात ज्या गादीवर बसू नका म्हणावं, तिच्यावरच पोरं आधी उड्या मारतात. "कडी काढ बघू," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"आत असताना कडी काढायची नाही. मम्मी म्हणते."

मग आतून कागद ओढल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा. मग डबा खडखडतच राहिला.

"बर्डी, काय करतेस?"

"झोपवतेय."

"कुणाला?"

कागद ओढला जात राहिला. मग तिचा अगदी हळू आवाज आला. "पॅपॉ, तू जा ना. तू बोललास की हे उठेल."

मागून बर्ल येऊन उभा होता, एक हात कोटाच्या आत. वेंडेलने त्याला कानात सांगितलं. बर्लने कोटातला हात काढला, जणू आत काहीतरी गरम होतं. त्याच्या अंगावर दोन पिस्तुलं, टॉर्च, सुरी आणि रक्त थांबवायची पट्टी होती, आणि त्यातलं काहीही या दाराच्या कामाचं नव्हतं. त्याने दाराला खांदा लावला.

"नाही," वेंडेल म्हणाला.

बर्ल बघत राहिला. शाळेपासून हा शब्द त्याने वेंडेलच्या तोंडून ऐकला नव्हता.

"दार फुटलं की ती दचकेल. दचकली की मूठ आवळेल. लियानाला बोलव."

"अरे, तिला कळलं तर तुझी..."

"बोलव, बर्ल."

लियाना आली. वेंडेलने सगळं एका वाक्यात सांगितलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ फरशीवर बसली, दाराखालच्या फटीशी तोंड नेलं आणि हॉस्पिटलात लोकांशी बोलत असेल त्या सपाट आवाजात म्हणाली, "बर्डी, मम्मी आहे. जे हातात आहे ते तिथेच राहू दे. मला फटीतून तुझी बोटं दाखव. सगळी."

"चड्डी वर नाही केली."

"चालेल. बोटं."

आतून पावलं वाजली, मग फटीतून बोटं आली. आधी एका हाताची. लियानाने ती मोजली. मग दुसऱ्या हाताची. लियानाने आपले तळवे त्यांच्यावर दाबून धरले. वेंडेलने भिंतीला पाठ टेकली.

"आता उभी राहा आणि कडी काढ. मागे वळायचं नाही."

कडी सरकली. लियानाने बर्डीला उचलून बाहेर घेतलं. डब्याच्या झाकणावर एक जाडजूड पांढरं गाठोडं होतं, वर फुलपाखराची क्लिप.

"त्याला थंडी वाजत होती," बर्डीने कानात सांगितलं.

लियानाने तिला कॉरिडॉरच्या टोकाला उभं केलं, परत येऊन कागद उलगडला, गोळ्यांचं मॅगझिन काढलं आणि पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला. नळीतली गोळी टप्प करून फरशीवर पडली आणि घरंगळत बेसिनखाली गेली. हे सगळं तिला शाळेत असताना वेंडेलनेच शिकवलं होतं. तिने क्लिप स्वतःच्या खिशात घातली, पिस्तूल त्याच्या हातात ठेवलं आणि बर्डीला घेऊन बाहेर पडली. आतली मंडळी तेव्हा आमेन म्हणत होती.

डीकन मंडळींची बैठक फार वेळ चालली नाही. घडलं म्हणावं, तर पथकाची चौकशी आली. पथकाची चौकशी म्हणजे राखणदारांवर अविश्वास, आणि मग कळप उघड्यावर. त्यापेक्षा न घडलेलं बरं. फक्त बाथरूममध्ये एक सुबक लाकडी फळी बसवली आणि तिच्यावर पाटी लावली, 'काही विसरलात का?' फळी कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. ब्रदर ओडेलनी वेंडेलच्या दक्षतेबद्दल आभार मानले. वेंडेलने पिस्तूल बर्लच्या काउंटरवर आणून ठेवलं. बर्लने ते उचललं नाही, विकायलाही मांडलं नाही. अजून ते तिथेच, गळांच्या खोक्यामागे आहे.

मग वेंडेल लियानाकडे गेला. ती ओसरीवर आली आणि तिने मागे जाळीचं दार ओढून घेतलं. जाळीला नाक लावून बर्डी उभी होती.

"पॅपॉ, ते उठलं का?"

"नाही, राणी. झोपलंय."

लियानाने या वेळी हात पसरले नाहीत. "चर्चमध्ये जो भेटतो तो म्हणतो, काही झालंच नाही," ती म्हणाली. "तुम्हीही तेच म्हणताय का?"

"मी काहीच म्हणत नाही."

"तेच तर. जिथे झालं नाही, तिथे ते पुन्हा होईल, बाबा. तुम्ही आणि ती माणसं सगळ्यांसमोर उभी राहून झालं म्हणा, त्या दिवशी बर्डीला झोक्यावर घेऊन येते."

"हो."

"तुमचं हो नकोय मला."

वेंडेल घरी आला. झोका वाऱ्याने थोडा हलत होता. त्याने कागद घेतला आणि खाली दिल्याप्रमाणे अर्ज लिहिला. अनुमोदनासाठी तो बर्लकडे नेला, तर बर्ल गांडुळं मोजायला बसला आणि अजून मोजतोच आहे. तेव्हा अर्ज अनुमोदनाविनाच दाखल झाला.

'माननीय डीकन मंडळ यांस,

विषय: न घडलेली घटना घडली असल्याला मंजुरी मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार या चर्चचा जुना सदस्य असून पूर्वेच्या दाराचा माजी राखणदार आहे. मागील एका रविवारी, प्रार्थना चालू असताना, अर्जदाराचे भरलेले पिस्तूल चर्चच्या बाथरूममध्ये राहिले. ते अर्जदाराच्या नातीने हाताळले. ती जिवंत आहे, यात अर्जदाराची, पथकाची अथवा मंडळाची कोणतीही कामगिरी नाही. सबब, सदर घटना घडलेली आहे असे मंडळाने कृपा करून मान्य करावे, व तशी मान्यता येत्या रविवारी सर्वांचे डोळे उघडे असताना, तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवावी, ही नम्र विनंती.'